पाचशे फवारे

पन्नास मिलिलीटरच्या बाटलीत साधारण पाचशे फवारे असतात. कंपनी हे कुठे छापत नाही, पण परफ्यूमच्या काउंटरवर बावीस वर्षं उभं राहिलं की कळतं. गिऱ्हाइकांना वास दाखवायला ठेवलेल्या टेस्टरची नवी बाटली कधी मागवायची याचा अंदाज आम्ही असाच बांधतो. माझी लेक रोज चार फवारे मारायची. दोन मानेला, दोन मनगटांना. म्हणजे बाटली सव्वाशे दिवस चालणार. ती घर सोडून गेली तेव्हा बाटली विकत घेऊन तिला एकवीस दिवस झाले होते. उरले एकशे चार.

एकशे चार दिवसांनी तिची बाटली संपणार होती, आणि ती गुलाबी बाटली अख्ख्या शहरात फक्त आमच्या दुकानात, माझ्याच काउंटरवर मिळत होती. म्हणजे तिला यावंच लागणार होतं. माझ्याकडे तेवढा एकच धागा उरला होता.

बाकीचे सगळे मी ओढून पाहिले होते. फोनचा नंबर तिनं बदलला. दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची, तिथे गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच आठवड्यात नोकरी सोडली. तिच्या एका मैत्रिणीला मी भर रस्त्यात गाठलं, हात धरून उभं केलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "काकू, ती बरी आहे. पण पत्ता देऊ नकोस म्हणालीय. मी शब्द दिलाय तिला." त्या पोरीच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं मी. पण ती शब्दाची पक्की निघाली. मला तिचा राग आला आणि माझ्या लेकीला अशी मैत्रीण आहे याचं बरंही वाटलं.

आता भांडण काय झालं ते सांगते. माझी बाजू घेऊन सांगणार नाही, कारण मला बाजूच नाही.

दुकानात मला 'नाकवाल्या बाई' म्हणतात. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की त्यानं सकाळी कुठल्या साबणानं आंघोळ केली, येताना कॉफी घेतली की सिगरेट ओढली, कोट कपाटातून आज काढला की काल, हे मी सांगू शकते. या नाकावर मी घर चालवलं. लेक चार वर्षांची असताना तिचे बाबा वारले, तेव्हापासून आम्ही दोघीच. आणि गवयानं गळा जपावा तसं मी नाक जपलं. घरात बिनवासाचा साबण, बिनवासाची कपड्यांची पावडर. जेवण उकडलेलं नाहीतर वाफवलेलं, तेही खिडकी सताड उघडी टाकून. फुलं आणायची नाहीत. तळण नाही, भाजणं नाही. आमच्या घरात शिरलं की नाकाला काहीच लागायचं नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! पोर कधीकधी मैत्रिणीकडून यायची आणि सांगायची, "आई, तिच्या आईनं केक केला होता. जिन्यातच वास येत होता." मी म्हणायचे, "हो का? हातपाय धू."

तिला मी काडी म्हणते. अंगानं काडी, आणि स्वभावानंही, जरा घासली की पेटलीच. हा स्वभाव तिनं कुणाकडून उचलला ते विचारू नका.

काडीचा आणि माझा एक खेळ होता. मी ओट्याशी, दाराकडे पाठ करून उभी असायची. ती शाळेतून आली की बूट दाराबाहेर काढून, श्वास रोखून, मांजरीच्या पावलांनी माझ्या मागे येऊन उभी राहायची. आणि मी मागे न वळता म्हणायची, "आलीस?" बस्स, एवढाच खेळ. पेन्सिलीचा भुसा, खोडरबर, वहीचा कागद, दिवसभराचा घाम, आणि या सगळ्याच्या खाली तिचा स्वतःचा एक वास. कोमट, किंचित खारट. तो मला हजारात कळला असता. ती मला फसवायला मैत्रिणीचा स्वेटर घालून यायची, अंगाला पावडर फासून यायची. "आलीस?" मी तरी म्हणायचेच. मग ती चिडायची आणि खूशही व्हायची. खेळाचे नियम दोन. मागच्यानं हाक मारायची नाही, पुढच्यानं वळून बघायचं नाही. ती मोठी झाली, नोकरीला लागली, तरी खेळ सुटला नव्हता.

पहिल्या पगारात तिनं ती गुलाबी बाटली घेतली. माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन, माझ्याच काउंटरवरून, मला न कळवता. कळायचं थोडंच राहतं? दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं आणि घरभर नाशपाती, रास्पबेरी आणि व्हॅनिला! आमच्या त्या वीस वर्षं धुऊन ठेवलेल्या घरात.

या जातीचे परफ्यूम मी रोज विकते. गोड, फळांचे, तळाशी व्हॅनिला. तरुण मुली त्यावर तुटून पडतात. आम्ही जुन्या विक्रेत्या त्यांना आपसात 'बेकरी' म्हणतो आणि नाकं मुरडतो. लाकडाचे, ओल्या मातीचे, कडवट सालीचे वास म्हणजे दर्जा, आणि गोड वास म्हणजे बाळबोध, असं आमचं शहाणपण. पण खरं सांगू का, मला त्या सकाळी दर्जाबिर्जा काही सुचलं नव्हतं. मला भीती वाटली होती. माझी पोर समोरून गेली आणि तिचा वास मला सापडेना. त्या गोडव्याखाली ती कुठे होती ते कळेना. हे मी तेव्हा तिला सरळ सांगितलं असतं तर? पण भीती वाटली की माझ्या तोंडून टोमणे निघतात, हा माझा जुना रोग आहे.

वीस दिवस मी नाक मुरडलं. एकविसाव्या दिवशी तोंड सोडलं.

त्या दिवशी तिच्या दवाखान्यातल्या तिघी घरी आल्या होत्या. काडी तयार होऊन बाहेर आली आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कोण आलं? केक आला का?" सगळ्या हसल्या. काडीही हसली. इथे थांबायचं की नाही माणसानं? मी नाही थांबले. म्हटलं, "असले वास कोण लावतं ठाऊक आहे का गं मुलींनो? ज्यांचं स्वतःचं असं काही नसतं ना, ते."

काडी हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते. ती मागे येऊन उभी राहिली. मला कळलं होतं. शेजारच्या घरालाही कळलं असेल इतका तो वास होता. ती उभीच होती. ती कशाची वाट बघत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी मुद्दाम, अगदी ठरवून, काही बोलले नाही. म्हटलं, राहू दे उभी. जरा कळू दे. नळ सोडून मी तीच एक बशी चार वेळा विसळली. मग दार वाजलं. वळून पाहिलं तर तिची बॅग नव्हती, आरशापुढची बाटली नव्हती आणि चप्पलही नव्हती.

त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले.

पहिले काही आठवडे नुसता जीव जाळण्यात गेले. महिनाभरानं एका सकाळी, काउंटरवर कुणी नसताना, मी तिच्या परफ्यूमचा टेस्टर उचलला आणि मनगटावर एक फवारा मारला. हे आमच्या धंद्यात चालत नाही. नाकाची एक खोड आहे. एखादा वास सतत मिळायला लागला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, आणि वास जोरकस असला तर बाकीचे बारीक वासही त्याच्याखाली दडपून टाकतं. आमच्यात याला 'नाक बसणं' म्हणतात. म्हणून काउंटरवरच्या बाईनं ड्यूटीवर स्वतःला काही लावायचं नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी पहिला नियम मीच सांगते. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो मीच मोडला.

आधी नाशपाती आली, कापल्या कापल्या रस गळणारी. तिच्या मागे आंबटगोड रास्पबेरी. अर्ध्या तासानं फळं विरली आणि काही पांढरी फुलं आली नि गेली. मग दुपारी व्हॅनिला. तो काही गेला नाही. संध्याकाळी घरी आले, कुलूप उघडलं, अंधाऱ्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि मनगट नाकाशी नेलं. आणि माझ्या लक्षात आलं की मुली या वासावर का तुटून पडतात. घरात कुणीतरी ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय, तुमची वाट बघतंय, तुम्ही यायच्या आत ते करपू नये म्हणून पुन्हा पुन्हा दार उघडून बघतंय, असा तो वास होता. माझ्या पोरीला जो वास वीस वर्षांत घरी एकदाही मिळाला नाही, तो तिनं पहिल्या पगारात विकत घेतला होता. आणि अंगाला लावून माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती.

त्या रात्री मी रडले. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज लावायला लागले. आधी एक फवारा, मग दोन, मग तिच्यासारखे चार. तेवढीच तिची सोबत. काही दिवसांनी मला तो येईनासा झाला, म्हणून मी आणखी लावला.

नव्वदाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. गुलाबी बाटली बंद. मागणी आहे, पण त्यांना नवीन काहीतरी आणायचंय. दुकानात अकरा बाटल्या शिल्लक होत्या.

अकरा बाटल्या म्हणजे चांगला खप असला तर आठवडाभराचा माल. काडी यायच्या आत संपल्या असत्या. मग ती कशाला आली असती? मी गिऱ्हाइकं परतवायला सुरुवात केली. एखादी मुलगी गुलाबी बाटलीकडे बोट दाखवायची आणि मी म्हणायची, "छान आहे, पण तुमच्या त्वचेवर आंबेल हा." कुणाला म्हणायची, "याच्यानं डोकं दुखतं म्हणतात." एका बाईला तर सांगितलं की याच्या मागे मधमाश्या लागतात. ती निमूटपणे निघून गेली. मला स्वतःची लाजही वाटली नाही.

आमच्या मजल्याच्या मॅनेजरबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण नजर तिखट. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, बावीस वर्षं तुम्ही लोकांना नको ते घ्यायला लावलंत. आता हवं ते घेऊ देत नाही. काय चाललंय?"

"काही नाही."

"आणि साप्ताहिक सुट्टी घेत नाही. जेवायला जात नाही. काउंटरला पाठ लावून उकडलेली अंडी खाताना बघितलंय मी तुम्हाला. आणि, रागावू नका हं, तुमच्याजवळ आलं की घसा धरतो. किती लावता?"

"लावते थोडा."

"थोडा?" त्या मागे सरकल्या. "हे बघा, नवीन माल यायचाय. जुना परत पाठवायचाय, दोन आठवड्यांनी, शुक्रवारी गाडी येईल. आणि तुम्हाला जरा बदल हवाय असं मला वाटतं. त्या शनिवारपासून तिसऱ्या मजल्यावर जा. सुटकेसचा विभाग."

"बाई, पाया पडते तुमच्या. आणखी एक महिना इथे राहू द्या. पंधरा दिवस तरी."

कारण विचारलं त्यांनी. सांगितलं असतं तर कदाचित ऐकलंही असतं. पण माझी पोर मला टाकून गेली हे बोलायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "सवय झालीय या जागेची." त्या म्हणाल्या, "सुटकेसचीही होईल."

एकशे चारावा दिवस उजाडला आणि मावळला. एकशे पाच. एकशे दहा. दुकानाचं फिरतं दार हललं की माझं काळीज हलायचं. संडासला जाताना समोरच्या घड्याळवाल्यांना सांगून जायची, "कुणी मुलगी गुलाबी बाटली विचारायला आली तर थांबवून ठेवा." समोरच्या काउंटरवर घड्याळं विकणारे हे गृहस्थ निवृत्तीला आले होते. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्ट मिनिटासकट सांगायची खोड. मी गेल्यापासून चार मिनिटं कुणी आलं नाही, असा अहवाल ते मला द्यायचे. काडीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं आणि मी कोणाची वाट बघतेय हे मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. माझा आपला मान!

बाटल्या एकेक करून गेल्याच. माझी सुट्टी नसली तरी दुसऱ्या पाळीतल्या विक्रेतीनं विकल्या. गुरुवारी एकच उरली. ती मी उचलली आणि काउंटरखालच्या खणात, वास घ्यायच्या कागदी पट्ट्यांच्या गठ्ठ्यामागे लपवली. मालाच्या यादीत 'संपला' लिहिलं. घड्याळवाल्यांना म्हटलं, "आता कुणी गुलाबी बाटली विचारली तर संपली म्हणून सांगा." कुणी म्हणजे कुणीही परकं, असं मला म्हणायचं होतं. तेवढं म्हणायचं राहून गेलं.

शुक्रवार. एकशे अठरावा दिवस, आणि परफ्यूमच्या काउंटरवरचा माझा शेवटचा.

सकाळपासून मी काउंटरबाहेर, वाटेकडे पाठ करून, खालच्या कप्प्यांतला जुना माल खोक्यांत भरत होते. गाडी पाचला यायची होती. टेस्टरही परत जाणार होता. त्यात बोटभर शिल्लक होतं. दुपारी मी तो हातात घेतला आणि जीव खाऊन मारत सुटले. मानेला, मनगटांना, स्कार्फला, कोपरापर्यंत हातांना. फवारा कोरडा वाजायला लागेपर्यंत. आणि काहीच येईना! एवढं सगळं अंगावर ओतून माझ्या नाकाला पाण्याइतकाही वास लागेना. मी स्कार्फमध्ये तोंड खुपसून श्वास ओढला. काही नाही. मग पुन्हा खोक्यांपाशी गुडघ्यांवर बसले आणि भरत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून मान वरच केली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावून मी उठले, तर घड्याळवाले एका गिऱ्हाइकाच्या मनगटावर पट्टा बसवून मोकळे होत होते. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"बाई, आज एक गंमत झाली. एक मुलगी आली होती. चार वाजून सात मिनिटांनी. तुमच्या मागे येऊन उभी राहिली."

"माझ्या मागे?"

"अगदी मागे. दोन हातांवर. केस मुलासारखे बारीक कापलेले, हिरवं जाकीट. मी विचारलं, काही हवंय का? तर ओठांवर बोट ठेवलं तिनं. मला हळूच म्हणाली, 'थांबा, त्यांना कळेल.' "

हातातली चिकटपट्टी मी त्यांच्या काउंटरवर ठेवली.

"मग?"

"मग काय, तुम्हाला नाही कळलं. मी म्हटलं, हाक मारू का? तर म्हणाली, 'नको, हाक मारायची नसते.' मला वाटलं, आजकालची मुलं, असेल काहीतरी. बारा मिनिटं उभी होती बघा. मग त्या रिकाम्या फळीकडे बघून म्हणाली, 'गुलाबी बाटली?' मी म्हटलं, संपली, बंदच झाली ती. तुम्हीच सांगितलं होतं ना? चार एकोणीसला गेली." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "आता चार सव्वीस. बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

बारा मिनिटं. पेन्सिलीच्या भुशातून, परक्या स्वेटरमधून, पावडरीतून मी जिला ओळखलं होतं, ती दोन हातांवर येऊन बारा मिनिटं उभी राहिली आणि मी खोकी बांधत होते. तिच्याकडची बाटली संपून दोन आठवडे झाले होते. तिच्या अंगावर तो गोड वास नव्हताच, तिचा स्वतःचा वास होता, कोमट, किंचित खारट. तो मला यायला हवा होता! आणि मी तिच्यासाठी झुरून, तिचाच परफ्यूम अंगावर ओतून, नाक मारून बसले होते. आणि तिला काय वाटलं असेल? ओट्याशी मी मुद्दाम गप्प राहिले होते, तशीच आजही राहिले असंच वाटलं असणार. दुसऱ्यांदा. पोर मला दुसरी संधी द्यायला आली होती.

मी खण उपसला, पट्ट्या जमिनीवर विखुरल्या, बाटली घेतली आणि धावत सुटले. बावीस वर्षांत मी त्या मजल्यावर कधी भरभर चाललेही नव्हते. दारातून बाहेर पडताना बाटलीच्या खोक्यावरच्या चोरी पकडणाऱ्या चकतीनं दारातला भोंगा वाजला. रखवालदार आडवा आला. "बाई? अहो बाई, हे काय? पावती?"

माझ्याकडे पावती नव्हती आणि वेळही नव्हता. इतके दिवस जिच्यासाठी खोटं बोलले, ती बाटली मी त्याच्या हातात कोंबली. "घ्या! ठेवून घ्या!" आणि त्याच्या हाताखालून निसटले.

शुक्रवारची ऑफिसं लवकर सुटलेली. फुटपाथ माणसांनी भरलेला. कुठे बघू? उजवीकडे की डावीकडे? एरवी मी नाक वर केलं असतं. आता नाक म्हणजे चेहऱ्यावरचा नुसता एक उंचवटा होता. मी बसथांब्याकडे पळाले, दुसरं काही सुचलंच नाही. चपलेचा पट्टा तुटला, ती तिथेच सोडली. दोन बसेस आल्या नि गेल्या असतील एवढ्या वेळात. देवा, गेली असेल. मी लोकांना धक्के मारत होते, माफीही मागत नव्हते.

थांब्यावर लांब रांग होती. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी एकेक पाठ बघत पुढे सरकले. राखाडी कोट. पिशवीवाली म्हातारी. हिरवं जाकीट! पण त्यावर लांब केस, ते काडीचं नव्हतं. मग आणखी पुढे आणखी एक हिरवं जाकीट, आणि वर बारीक कापलेले केस, आणि केसांखाली उघडी पडलेली मान. मी तिच्या मागे दोन हातांवर येऊन उभी राहिले.

तीच होती का? काडीच्या पाठीवर कायम वेणी असायची, तिची मान मी अशी उघडी कधी पाहिली नव्हती. खांदे तिचेच वाटत होते. पण आजकाल मला कुणाचेही खांदे तिचेच वाटायचे, बाजारात तीन मुलींना मी हाक मारून चुकले होते. मी श्वास ओढला. खोल, पार पोटापर्यंत. काही नाही. आणखी एकदा. रस्त्याचा धूरसुद्धा नाही. बस वळणावर दिसायला लागली, रांग हलली. मला 'आलीस?' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण नुसती धाप बाहेर पडली. आणि खरं सांगते, भीतीही वाटली. ती वळली आणि परकी निघाली तर मी त्या रस्त्यात बसूनच गेले असते.

हिरव्या जाकिटातली मुलगी एकदम थांबली. पुढची बाई पुढे गेली, ती तिथेच राहिली. तिचं डोकं किंचित वर झालं. एकदा, मग पुन्हा एकदा. श्वास ओढताना तिचे खांदे वर आले ते मला दिसलं.

मागे न वळता ती म्हणाली, "आलीस?"

बस येऊन उभी राहिली, लोक आम्हाला वळसा घालून चढायला लागले.

"आले," मी म्हटलं.

तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, ते पाठीवरून मला कळेना. "केवढा ओतलायस गं आई," ती म्हणाली. "मला वाटलं, केकच आला."

बस गेली. ती अजून वळली नव्हती, आणि मीही तिला वळ म्हटलं नाही. एका पायात चप्पल नसलेली मी तिच्या मागे तशीच उभी राहिले.